भिंतीची ओल आणि साठ टक्क्यांचा नियम

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००१ साली शाळा व व्यापारी इमारतींतील बुरशीच्या निर्मूलनासाठी एक मार्गदर्शिका काढली. २००८ मध्ये ती पुन्हा छापली गेली. इमारतीतील ओलीविषयी सल्ला देणारी जी पुस्तिका, जो जाहिरातवजा लेख वा जो कंत्राटदार आपल्याला भेटतो, त्याच्या बोलण्यात या मार्गदर्शिकेतील आकडे डोकावतातच. म्हणून तिची तपासणी करावी असे आम्हाला वाटले. तपासणीची जागा अर्थातच चंद्रपूर, कारण कोणताही नियम मे महिन्याच्या होळीतून आणि जुलैच्या झडीतून, एकाच वर्षात, पार पडावा अशी दुसरी प्रयोगशाळा शोधून सापडणार नाही.

मार्गदर्शिकेचे मूळ प्रतिपादन निर्दोष आहे. बुरशीचे बीजाणू सर्वत्र असतात, त्यांना हाकलता येत नाही. हाती असते ते पाणी. ओल थांबवली की बुरशी थांबते. ओल न थांबवता बुरशी पुसली तर ती पुन्हा येते. मेलेली बुरशीसुद्धा काहींना दम्याचा वा ॲलर्जीचा त्रास देऊ शकते, म्हणून नुसते जंतुनाशक फवारून भागत नाही, हेही तिने स्पष्ट सांगितले आहे. आपल्याकडे भिंतीला काळे डाग पडले की लगेच ब्लीचिंग पावडर किंवा नवा रंग काढला जातो. ही पाने त्या मंडळींना वाचून दाखवावीत अशी आहेत. प्रश्न किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या अहवालात युरोप, उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया, भारत व जपान येथील १० ते ५० टक्के बंदिस्त जागा ओलीने ग्रस्त असाव्यात असा अंदाज आहे. (दहा आणि पन्नास यांतील अंतर पाहता मोजणारे फारसे नाहीत हे उघड आहे.)

आमचा आक्षेप सुरू होतो तो आकड्यांपाशी. इमारतीतील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांखाली, शक्य तर ३० ते ५० टक्क्यांत ठेवा, असे मार्गदर्शिका म्हणते. दारेखिडक्या बंद करून यंत्राने हवा हाताळणाऱ्या इमारतीसाठी हे ठीक आहे. गडचिरोलीच्या बाजारपेठेतील किराणा दुकानाला, किंवा वडशाच्या भातगिरणीच्या गोदामाला, ऑगस्टमध्ये ते कसे साधावे? दारे उघडी, बाहेर पाऊस, हवेत ८५ टक्के आर्द्रता.

इथे वर्गात शिकवलेले थोडे गणित कामाला येते. मे महिन्यात दुपारी ४४ अंश सेल्सिअस तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर एका घनमीटर हवेत सुमारे ९ ग्रॅम बाष्प असते आणि दवबिंदू १२ अंशांच्या आसपास असतो. जुलैत २८ अंश व ८५ टक्के असताना बाष्प २३ ग्रॅम आणि दवबिंदू २५ अंश. म्हणजे जुलैत एखादा पृष्ठभाग हवेपेक्षा जेमतेम तीन अंशांनी थंड झाला की त्यावर पाणी सुटते. भिंतीला कळते ते तिच्या स्वतःच्या पृष्ठभागाचे तापमान. खोलीच्या मधोमध टांगलेला आर्द्रतामापक काय दाखवतो याच्याशी तिचा संबंध नाही. साठ टक्क्यांचा नियम हवेविषयी बोलतो आणि दवबिंदूला मागच्या बाकावर बसवतो, ही त्याची खरी उणीव.

चंद्रपुरातील एका कापड दुकानात आम्हाला याचा प्रत्यय आला. पुढे वातानुकूलित विक्रीदालन, मागे गोदाम, मध्ये एकेरी विटांची भिंत. गोदामाच्या बाजूने दर पावसाळ्यात ओल. गच्चीवर दोनदा जलरोधक थर झाला, भिंतीला जलरोधक रंग झाला, ओल कायम. आम्ही पाहिले तर छत कोरडे होते. पाऊस उघडून चार दिवस झाले तरी ओल तशीच होती. डागांच्या कडा सरळ होत्या, जणू फूटपट्टीने आखलेल्या. मालाची खोकी भिंतीला जिथे टेकली होती नेमके तिथेच डाग होते.

पलीकडे यंत्र २० अंशांवर चालू. मोकळ्या भिंतीला गोदामाची उबदार हवा लागते, त्यामुळे ती फार थंड होत नाही. खोक्यांमागे ती हवा पोहोचत नाही; पुठ्ठा आणि कापड दुलईचे काम करतात आणि त्यामागची भिंत बावीस अंशांपर्यंत उतरते. बाष्पाला मात्र पुठ्ठा अडवत नाही. मे महिन्यात तेच यंत्र अधिक जोराने चालते, तरी भिंत कोरडी. का, हे विद्यार्थ्यांना विचारावे. वरच्या दोन दवबिंदूंत उत्तर आहे.

अशा वेळी निदानाचा एक साधा प्रयोग शाळेतही करता येतो. ओल्या भिंतीचा हातभर भाग पुसून कोरडा करावा, त्यावर प्लॅस्टिकचा कागद चारही कडांना चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि दोन दिवस थांबावे. पाणी कागदाच्या आतल्या बाजूला दिसले तर ते भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला दिसले तर हवेतून. पाया ओलावा शोषत असेल तर विटांच्या बारीक छिद्रांतून केशाकर्षणाने पाणी चढते, सोबत क्षार आणते आणि जोत्यापासून वर लोणा फुटतो. तिन्ही ओली दिसायला सारख्या, उपाय मात्र तीन. मार्गदर्शिकेने हा भेद उल्लेखापुरता केला आहे. आमच्या मते निम्मी पाने यालाच द्यायला हवी होती.

थंड देशांतून आलेली आणखी एक सवय इथे घातक ठरते. तिकडे हिवाळ्यात बाष्प उबदार घरातून बाहेर जाते, म्हणून बाष्परोधक थर भिंतीच्या आतून लावतात. आपल्या वातानुकूलित दुकानात पावसाळ्यात बाष्प बाहेरून आत येते. आतून प्लॅस्टिकसारखा घट्ट रंग किंवा व्हिनाइलचा भिंतकागद लावला, की आलेले पाणी त्याच्या मागे अडकते. अमेरिकेच्याच दमट दक्षिण किनाऱ्यावर हॉटेलांत अशा भिंतकागदांमागे बुरशी माजली होती, तेव्हा हा धडा त्यांनाही महागात पडून मिळाला आहे.

कूलरचेही तेच. मेमध्ये वाळ्याच्या ताट्या भिजवणे हे शहाणपण आहे. कोरडी हवा पाणी पिते आणि थंड होते. पहिला पाऊस पडल्यावरही पंप चालू ठेवणे म्हणजे दुकानात मुद्दाम बाष्प ओतणे. पंप बंद करून नुसता पंखा चालवावा आणि हवेला बाहेर जायला वाट ठेवावी.

राहिला तो २४ ते ४८ तासांत वाळवण्याचा नियम. फुटलेल्या नळासाठी तो उत्तम आहे. जुलै २०२२ मध्ये वर्धा व इरई नद्यांचे पाणी चंद्रपूरच्या सखल भागांत शिरले, तेव्हा पाणी ओसरायलाच वेळ लागला, आणि बाहेरची हवा वाळवण्याच्या मनःस्थितीत नव्हती. अशा वेळी काय वाचवायचे आणि काय टाकायचे हे आधी ठरवावे लागते. पुठ्ठा, गादी, फॉल्स सीलिंगचे तक्ते टाकावे. काच, धातू, फरशी धुऊन घ्यावी. भिंत पूर्ण वाळेपर्यंत, मग दिवाळी उलटली तरी चालेल, रंगाला हात लावू नये. शेवटची सूचना सोडली तर हे सारे मार्गदर्शिकेतही सापडते.

कापड दुकानदाराने खोकी भिंतीपासून वीतभर पुढे ओढली, खाली लाकडी फळ्या घातल्या, यंत्र २६ अंशांवर आणले आणि गोदामात एक पंखा लावला. त्या पावसाळ्यात भिंतीला पाणी सुटले नाही. दमट वास मात्र पूर्ण गेला नाही. ८५ टक्क्यांच्या हवेत तो जाणारही नव्हता.