अंगरख्याखालचे आणि पडद्यावरचे चिलखत : विज्ञानपटांतील चिलखतांच्या प्रतिकृतींचा छंद आणि कर्जत-खालापूर परिसर

प्रस्तावना

अभिजात कलांच्या चर्चेत ज्याला स्थान नाही आणि लोककलांच्या सूचीत ज्याची नोंद नाही, असा एक छंद गेल्या काही वर्षांत महानगरांतील तरुण वर्गात रुजला आहे. विज्ञानपटात दिसलेले चिलखत घरच्या घरी जसेच्या तसे घडवायचे, ते अंगावर चढवायचे आणि समानधर्मीयांच्या मेळाव्यात त्या वेशात वावरायचे, असे त्याचे स्थूल स्वरूप सांगता येईल. २०११ मध्ये दिल्लीत आणि पाठोपाठ मुंबईत कॉमिक कॉन भरू लागल्यापासून तो आपल्याकडे ठळकपणे दिसू लागला. प्रस्तुत लेखात या छंदाची चिकित्सा एक कलाव्यवहार म्हणून केली आहे. त्यासाठी कर्जत-खालापूर परिसर निवडण्यामागे निश्चित कारण आहे. चौकजवळ हातनोली येथे नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये उभारलेल्या एन. डी. स्टुडिओत भूतकाळाची चिलखते पडद्यासाठी वावरली. खोपोली-पाली रस्त्यावर २०१३ मध्ये सुरू झालेल्या इमॅजिका उद्यानात 'डीप स्पेस'सारख्या खेळातून भविष्यकाळ तिकीट लावून दाखवला गेला. आणि याच खालापूर तालुक्यात चावणीजवळच्या उंबरखिंडीत फेब्रुवारी १६६१ मध्ये खरे युद्ध झाले. कल्पित भूतकाळ, कल्पित भविष्य आणि प्रत्यक्ष इतिहास एका तालुक्याच्या हद्दीत सापडावेत, हा योग विचार करायला लावणारा आहे.

या छंदाविषयी सुशिक्षित वर्तुळात दोन मते आढळतात. एक मत त्याला पाश्चात्त्यांचे अनुकरण म्हणून निकालात काढते. दुसरे मत कौतुकाने त्याला 'नवा बहुरूपी' म्हणते. पहिल्या मताला छंदातली मेहनत दिसत नाही, दुसऱ्याला बहुरूप्याची कला कळलेली नाही. बहुरूपी पोलिसाचे सोंग घेऊन दारात येतो तेव्हा त्याच्या गणवेशाची बटणे कोणी मोजत नाही. किंबहुना सोंग थोडे उघडे पडणे हाच त्यातला आनंद असतो. प्रतिकृतिकाराचे सारे लक्ष मात्र त्या बटणांवरच असते.

मुळाची मापे

कल्पित भविष्याचा वेश करून मेळाव्याला जाण्याची प्रथा जुनी आहे. १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे 'थिंग्ज टु कम' (१९३६) या चित्रपटावरून सुचलेल्या पोशाखात वावरले होते. परंतु तो पोशाख होता, प्रतिकृती नव्हती. काटेकोर प्रतिकृतीचा छंद फोफावला तो मे १९७७ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'स्टार वॉर्स'नंतर. त्या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांना ऑस्कर मिळाले. त्यातील स्टॉर्मट्रूपर या सैनिकाचे पांढरे चिलखत आणि शिरस्त्राण हा आजही जगभरच्या छांदिष्टांचा सर्वांत आवडता नमुना आहे.

हे मूळ शिरस्त्राण कसे होते, हे पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमधील अँड्र्यू एन्सवर्थ या कारागिराने १९७६ मध्ये तापवून मऊ केलेला प्लास्टिकचा पत्रा साच्यावर ठेवून, खालून हवा शोषून घेऊन चित्रपटासाठी अशी ५० शिरस्त्राणे काढली. घाईचे काम, दुरून टिपले जाणारे. त्यामुळे त्याच्या डाव्या-उजव्या बाजू नीट जुळत नाहीत, काही रेघा हाताने रंगवलेल्या आहेत. पडद्यावर जे साम्राज्याचे अभेद्य लष्करी यंत्र भासते, ते प्रत्यक्षात पातळ प्लास्टिकचे, वाकडेतिकडे सामान होते. आणि जाणकार छांदिष्ट नेमका तोच वाकडेपणा उतरवतो. दोन्ही बाजू समान केलेले शिरस्त्राण त्याच्या दृष्टीने सदोष ठरते. १९९७ मध्ये अमेरिकेत अल्बिन जॉन्सन यांनी स्थापन केलेल्या 'फाइव्ह हंड्रेड फर्स्ट लीजन' या संघटनेत प्रवेश मिळण्यासाठी चिलखताचा प्रत्येक भाग ठरवून दिलेल्या वर्णनाशी ताडून पाहिला जातो. हस्तलिखितांची पाठचिकित्सा करणाऱ्या अभ्यासकाला ही वृत्ती परकी वाटू नये. लेखनिकाची चूक 'सुधारणे' हा त्याच्याही शास्त्रात अपराधच आहे.

येथेच या छंदाचे मर्म सापडते. कथेप्रमाणे पाहिले तर ते चिलखत धातूसारख्या कठीण पदार्थाचे, अवकाशयुगातले असायला हवे. छांदिष्ट ते तसे घडवत नाही. तो कथेतल्या चिलखताची नव्हे, चित्रीकरणाच्या दिवशी नटाने घातलेल्या सामानाची प्रतिकृती करतो. आपले 'मूळ' हे एक नाटकी सामान आहे, हे त्याला पक्के ठाऊक असते आणि ते लपवण्याची त्याला गरज वाटत नाही.

विलायती न्यायालयापुढेही हाच प्रश्न वेगळ्या भाषेत आला. एन्सवर्थ यांनी २००४ पासून जुन्या साच्यांवरून शिरस्त्राणे काढून विकायला सुरुवात केली. लुकासफिल्म कंपनीने दावा लावला. अमेरिकेतील न्यायालयाने २००६ मध्ये दोन कोटी डॉलरचा निवाडा कंपनीच्या बाजूने दिला. परंतु ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०११ मध्ये शिरस्त्राण हे 'शिल्प' नाही असे ठरवले. कलाकृती आहे तो चित्रपट. शिरस्त्राण हे तो तयार करताना वापरलेले एक साधन, अशी त्यामागची भूमिका होती. भारतीय स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ च्या कलम १५(२) मध्येही याच जातीची तरतूद आहे. ज्या आकृतिबंधाची नोंदणी होऊ शकत होती पण केली गेली नाही, त्याची वस्तू औद्योगिक पद्धतीने पन्नासपेक्षा अधिक वेळा काढली गेली की स्वामित्वहक्क संपतो. कायद्याच्या दृष्टीने हे रास्तच असेल. सौंदर्यशास्त्राच्या दृष्टीने मात्र छांदिष्टाने या निर्णयावर आपल्या कृतीने आधीच भाष्य करून ठेवले आहे. चित्रपटापासून वेगळे काढलेले, दिवाणखान्यात मांडलेले, अंगावर चढवलेले ते सामान त्याच्यापुरते स्वतंत्र कलाकृती झालेले असते.

घडवण्याच्या तंत्राविषयी थोडक्यात सांगायचे तर, ईव्हीए फोमच्या चटया, गरम हवेची बंदूक, चप्पल-बूट चिकटवण्याचे सोल्युशन, कागदी घड्यांचे आराखडे, फायबरग्लास आणि अलीकडे त्रिमितीय मुद्रण, एवढ्यावर हे काम चालते. यातले साचा आणि ओतकामाचे अंग रायगडात नवे नाही. खालापूरला लागून असलेल्या पेण तालुक्यात गणेशमूर्तींच्या कारखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या साचे निघत आले आहेत. पेणचा कारागीर आणि फोम कापणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी यांची हत्यारे एकमेकांना परकी वाटणार नाहीत. हेतू मात्र निराळे आहेत. मूर्तीचा साचा आराध्याच्या रूपासाठी असतो. त्यात दरवर्षी नवी लकब आली तर भाविकांची हरकत नसते.

जव्हार-मोखाड्याकडील बोहाड्यातही मुखवटा अंगावर घेतला जातो. पण तेथे मुखवटा घालणाऱ्याचा अधिकार गावरीतीने ठरतो आणि पाहणारा मुखवट्यापुढे हात जोडतो. प्रतिकृतीचे चिलखत घालण्याचा अधिकार मापाने मिळतो. त्याच्यापुढे हात कोणी जोडत नाही. छायाचित्र काढून घेतले जाते.

खालापूरचे मूळ

आता एन. डी. स्टुडिओकडे वळणे आवश्यक आहे. कर्जतचा म्हणून ओळखला गेलेला हा स्टुडिओ प्रशासकीयदृष्ट्या खालापूर तालुक्यात येतो. आशुतोष गोवारीकर यांच्या 'जोधा अकबर' (२००८) साठी तेथे मोगल राजवास्तू उभ्या राहिल्या. त्याच वर्षी स्टार प्रवाह वाहिनीवर सुरू झालेल्या 'राजा शिवछत्रपती' या मालिकेचे चित्रीकरणही तेथेच झाले. प्लॅस्टर, प्लायवूड आणि फायबरमधून उभा राहिलेला हा सतरावा शतक महाराष्ट्रातील घराघरांत पोचला. त्यानंतरच्या काळातील शिवजयंतीच्या मिरवणुका, शाळांची स्नेहसंमेलने आणि महाविद्यालयांतील पारंपरिक वेशदिन पाहिले म्हणजे एक गोष्ट जाणवते. ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणलेले जिरेटोप आणि चिलखते वस्तुसंग्रहालयातील नमुन्यांपेक्षा मालिकांतील पोशाखांना अधिक जवळची असतात. अकबराचे म्हणून ओळखले जाणारे चिलखत मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहता येते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात शस्त्रे आणि चिलखते आहेत. तरीही वेशभूषेचा नमुना म्हणून डोळ्यापुढे येतो तो पडदाच.

यात पडद्याचा दोष नाही. दोष आहे तो त्या वेशाला 'शिवकालीन' म्हणण्यात. स्टॉर्मट्रूपर होणारा तरुण 'हे अमुक चित्रपटातील, अमुक वर्षीचे, अमुक कारागिराचे' असे आपल्या मुळाचे नाव, गाव, साल सांगतो. मावळ्याचा वेश करणारा तरुण मालिकेची नक्कल करतो आणि इतिहासाचा दाखला देतो. एकाची निष्ठा खोट्या वस्तूवर असूनही तिचा दाखला खरा आहे. दुसऱ्याची निष्ठा खऱ्या इतिहासावर असून तिचा दाखला तपासलेला नाही. परकी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या छंदाकडे पुराव्याची जी शिस्त आहे, ती आपल्या अभिमानाच्या वेशाला अद्याप लाभलेली नाही. इतिहास विभागांनी या गोष्टीची दखल घ्यायला हवी होती, ती घेतली गेलेली दिसत नाही.

अंगरख्याखाली

दुसरा मुद्दा अधिक खोलवरचा आहे. मराठी स्मृतीतले सर्वांत प्रसिद्ध चिलखत कोणते? १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या भेटीला जाताना महाराजांनी अंगरख्याखाली घातलेले. त्या चिलखताचे सारे मोल ते न दिसण्यात आहे. दिसले असते तर कथाच संपली असती. याउलट विज्ञानपटातील चिलखत म्हणजे केवळ दर्शनी भाग. आत कोण आहे हे महत्त्वाचे नाही, किंबहुना स्टॉर्मट्रूपरच्या बाबतीत आत कोणी विशिष्ट माणूस नाही हाच त्याचा अर्थ. कवींद्र परमानंदांनी शिवभारतात उंबरखिंडीच्या प्रसंगी महाराजांचे अश्वारूढ, कवचधारी रूप रंगवले आहे. करतलबखानाची खिंडीत कोंडी झाली त्या विजयाला कवीला दर्शनी तेज हवे होते, हे समजण्यासारखे आहे. परंतु लोकमानसाने कवितेतले कवच बाजूला ठेवले आणि बखरीतले, कपड्याखालचे जपले.

ही आवड पुढेही टिकून राहिलेली दिसते. 'मिस्टर इंडिया' (१९८७) या हिंदी चित्रपटातील विज्ञानकल्पना म्हणजे नायकाला अदृश्य करणारे मनगटातले यंत्र. सोनेरी झालरींचा भारदस्त पोशाख आहे तो मोगॅम्बोला. इमॅजिका उद्यानात या चित्रपटावर आधारित खेळ होता. तेथून बाहेर पडलेल्या मुलाला नायकाची प्रतिकृती करायची झाली तर त्याच्या हाती एक टोपी आणि एक कडे एवढेच येते. मराठी विज्ञानकथेचीही हीच प्रकृती आहे. जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांच्या कथांचा भर कल्पनेवर आणि तिच्या परिणामांवर आहे. 'वामन परत न आला' मधील वामन हा यंत्रमानव वाचकाच्या लक्षात राहतो तो त्याच्या बुद्धीमुळे. आपल्या विज्ञानकथेला दृश्य अंग नाही, अशी तक्रार अधूनमधून ऐकू येते. ती पूर्णतः खरी नाही. दर्शनी चिलखतापेक्षा आतल्या सिद्धतेला मान देणारी एक जुनी आवड येथे काम करते आहे, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. मात्र या आवडीची किंमतही मोजावी लागली आहे. मराठी वाचकाच्या मुलांना स्वतःच्या भाषेतील भविष्याचे असे काही मिळाले नाही, जे दिवाळीच्या किल्ल्याप्रमाणे मातीत हात घालून घडवता येईल.

या छंदाचे गुण मान्य करूनही एक आक्षेप शिल्लक राहतो. स्टॉर्मट्रूपर हा जुलमी सत्तेचा शिपाई आहे. त्याचे नाव, त्याचे चेहराहीन पांढरेपण विसाव्या शतकातील युरोपीय सैनिकी स्मृतीतून आले आहे. फाइव्ह हंड्रेड फर्स्ट लीजनचे सदस्य त्या वेशात आजारी मुलांना भेटतात, मदतनिधी गोळा करतात. हे काम स्तुत्यच आहे. पण खांद्याच्या पट्टीचे अंतर मोजणारी ही दृष्टी त्या गणवेशाच्या अर्थाला क्वचितच हात घालते. उत्तम पाठ सिद्ध करून अर्थनिर्णय टाळणाऱ्या संपादकासारखी तिची अवस्था झाली आहे. शिस्त आहे, पण ती पृष्ठभागाशी थांबते.

मुळाचे माप घ्यायचे तर मूळ शिल्लक असावे लागते. आपल्या चित्रपटसृष्टीत चित्रीकरण संपले की सामान मोडले जाते किंवा रंग बदलून पुढच्या चित्रपटात जाते. एन. डी. स्टुडिओ हा त्याला मोठा अपवाद होता. तेथे देखावे उभे ठेवले गेले, पर्यटकांना ते जवळून पाहता येत. मे २०२१ मध्ये लागलेल्या आगीत 'जोधा अकबर'चा देखावा जळाला. २ ऑगस्ट २०२३ रोजी नितीन देसाई यांचे त्याच स्टुडिओत निधन झाले. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास, मराठी आणि भौतिकशास्त्र विभागांना एकत्र येऊन करता येण्याजोगा प्रकल्प यातून समोर येतो : तेथे उरलेल्या वेशसामानाची आणि देखाव्यांची मोजमापे, साहित्य, घडवणाऱ्या कारागिरांच्या आठवणी यांची नोंद, आणि तिच्या शेजारी संग्रहालयातील चिलखतांची मोजमापे. चौकपासून मुंबईचे संग्रहालय एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे. देखाव्यांवर काम केलेले सुतार, रंगारी आणि साचेकार मात्र दरवर्षी कमी होत जाणार आहेत.