कर्णाचे सहा साक्षीदार

मराठी माणसासमोर कर्णाबद्दल एखादा वावगा शब्द काढून बघावा. एरवी पुस्तकांच्या वाटेला न जाणाऱ्यानंही कॉलेजात असताना ‘मृत्युंजय’ वाचलेली असते आणि तो लगेच सरसावून बसतो. भर रंगभूमीवर विचारलेलं कूळ, परशुरामाचा शाप, इंद्रानं मागून नेलेली कवचकुंडलं, जमिनीनं गिळलेलं चाक, अशी सगळी कैफियत ओळीनं ऐकायला मिळते. दुसऱ्या कुठल्याही पात्राला मराठीत इतके हौशी वकील लाभलेले नाहीत. या वकिलांच्या जोरावर आपल्याकडे पौराणिक कादंबरीचं एक पीक गेली पन्नास-साठ वर्षं जोमात आहे. त्या पिकाचा कस मात्र उतरत चालला आहे, असं माझं मत आहे.

पराभूताची बाजू घेणं ही काही आधुनिकांची टूम नव्हे. भासानं ‘ऊरुभंग’मध्ये मांडी मोडून पडलेल्या दुर्योधनाला माणूसपण दिलं आणि ‘कर्णभार’मध्ये रणावर निघालेल्या कर्णाला. मायकेल मधुसूदन दत्तांनी १८६१ मध्ये ‘मेघनादवध काव्य’ लिहून सहानुभूती थेट लंकेच्या पारड्यात टाकली. दिनकरांची ‘रश्मिरथी’ १९५२ ची, शिरवाडकरांचं ‘कौंतेय’ हे नाटक १९५३ चं. म्हणजे शिवाजी सावंत ‘मृत्युंजय’ लिहायला बसले तेव्हा खटला आधीच उभा होता.

१९६७ या सालाशी मात्र थांबायला हवं. भांडारकर संस्थेनं १९१९ मध्ये हाती घेतलेलं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९६६ मध्ये पुरं झालं. हजाराहून अधिक हस्तलिखितं ताडून, मागाहून शिरलेला मजकूर बाजूला काढून ही संहिता सिद्ध झाली. पुढच्याच वर्षी पुण्यातून दोन पुस्तकं बाहेर पडली. इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ त्या संहितेचा हात धरून चालत होतं. सावंतांची ‘मृत्युंजय’ लोकांच्या मनातल्या महाभारताचा हात धरून चालत होती. ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, ‘मृत्युंजय’ला महाराष्ट्र मिळाला. दुर्गाबाई भागवतांचं ‘व्यासपर्व’ त्याआधीच, १९६२ मध्ये, येऊन गेलं होतं. पात्रावर प्रेम करूनही त्याची झडती घेता येते, हे या दोन बायकांनी दाखवून दिलं होतं. कादंबरीकारांनी तो रस्ता घेतला नाही.

घेतला नाही म्हणजे काय केलं, ते एका प्रसंगात पाहू. द्यूतसभा. विकर्ण हा कौरवांपैकीच एक धाकटा भाऊ उठतो आणि द्रौपदी जिंकली गेलेलीच नाही, असं ठणकावतो. त्याला गप्प करायला दुर्योधन उठत नाही, कर्ण उठतो. तो विकर्णाला पोरकट ठरवतो, पाच नवऱ्यांची बायको म्हणून द्रौपदीला वेश्या म्हणतो आणि पांडवांची व तिची वस्त्रं उतरव, असं दुःशासनाला सांगतो. मूळ ग्रंथात ही आज्ञा कर्णाच्या तोंडी आहे. कर्णाच्या चाहत्याची खरी परीक्षा इथे होते.

कादंबरीतला युक्तिवाद सगळ्यांना पाठ आहे: स्वयंवरात द्रौपदीनं ‘सूताला वरणार नाही’ म्हणून भरमंडपात त्याचा पाणउतारा केला होता, तो घाव सभेत उफाळून आला. वाचकाला हे पटतं, कारण अपमान आणि सूड यांचा हिशेब जुळतो. पंचाईत अशी की द्रौपदीचं ते वाक्यच चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. ते तळटीपांच्या भागात गेलेलं आहे. म्हणजे कर्णाच्या सर्वांत मोठ्या गुन्ह्याचं खापर अखेर एका बाईवर फुटतं, आणि तेही तिनं मूळ संहितेत न उच्चारलेल्या वाक्यापायी. कादंबरीकारानं संशोधकांच्या संहितेला बांधून घ्यावं, असं मी म्हणणार नाही. लोकपरंपरेतलं काहीही उचलायला तो मोकळा आहे. पण उचलतो काय आणि सोडतो काय, यावरून त्याला पात्र हवं आहे की मूर्ती, ते कळतं.

कारण सोडलेलं सामान फार मोलाचं आहे. त्याच सभापर्वात धृतराष्ट्राकडून वर मागून द्रौपदी नवऱ्यांना दास्यातून सोडवते, तेव्हा पहिला बोलणारा पुन्हा कर्णच आहे. कुठल्याही स्त्रीचं असं कर्तृत्व कधी ऐकलं नाही, बुडणाऱ्या पांडवांना ही नाव होऊन पैलतीराला घेऊन गेली, असं तो म्हणतो. ही दाद आहे की पांडवांना मारलेला टोमणा? भीम तर ऐकून पेटतोच. मला वाटतं दोन्ही आहे. थोड्या वेळापूर्वी तिला फेडायला सांगणारं तोंड आणि तिची थोरवी सभेत सर्वांआधी ओळखणारं तोंड एकच, यासारखी जागा कादंबरीकाराला शोधून सापडायची नाही. पुढे उद्योगपर्वात, दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून पांडवांना जे कडू बोललो त्याचा आज पश्चात्ताप होतो, असं कर्ण स्वतः कृष्णाला सांगतो. आरोपीनं कबुलीजबाब दिलेला आहे, आणि वकील निर्दोष सुटकेची मागणी करतात!

याच भेटीतला आणखी एक तपशील बघा. तू पांडवांचा थोरला, चल, राज्य तुझं, असं कृष्ण म्हणतो. कर्ण नकार देतो आणि कारणं सांगताना राधेचं नाव काढतो. माझ्यावरच्या मायेनं तिला पान्हा फुटला, तिनं माझं हगणंमुतणं काढलं, तिचा पिंड मी कसा नाकारू? महाकाव्यातल्या महारथ्याच्या तोंडी हे आहे. त्याच्या बायका सूतांच्या घरच्या, मुलं-नातवंडं त्यांच्यातली. सूर्य आणि कुंती ही जन्माची हकीकत, पण घर अधिरथ-राधेचं, असा त्याचा निवाडा आहे.

आपल्या कर्णकथांचा कल नेमका उलटा. ‘मृत्युंजय’मध्ये झळकणारी कुंडलं, अभेद्य कातडी, गंगेत उभं राहून सूर्याकडे लागलेले डोळे यांची वर्णनं पानोपानी येतात. हा सारथ्याचा पोर नव्हेच, हे वाचकाला पहिल्यापासून जाणवत राहावं, अशी ती रचना आहे. मग रंगभूमीवर त्याचं कूळ विचारलं जातं तेव्हा आपल्याला राग कशाचा येतो? कूळ विचारल्याचा, की चुकीच्या माणसाला विचारल्याचा? जन्मावरून माणूस तोलू नये असं सांगायला निघालेली गोष्ट शेवटी जन्माच्याच तेजावर नायकाला मोठं करते. खराखुरा सूतपुत्र असता तर त्या अपमानात काही वावगं नव्हतं, असा याचा अर्थ होतो. चाहत्यांना तो नको असेल, पण तो निघतो. रणजित देसाईंचं ‘राधेय’ (१९७३) शीर्षकापुरतं तरी राधेकडे वळतं. हे कर्णाचं चरित्र नसून मनातला कर्ण आहे, असं सांगून देसाई मोकळे होतात. प्रामाणिक सोय आहे ती. पण मनातला कर्णही मनासारखाच निघावा?

निवेदनाचंही तेच. ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा आवाज आहेत. रचना म्हणून ती त्या काळी धाडसाची होती. सावंतांची लिहिण्यातली दमदार झेप, प्रसंग उभा करण्याची ताकद मी नाकारत नाही. दोन-तीन पिढ्यांना जाड पुस्तक हातात धरायची सवय या कादंबरीनं लावली. पण सहाही साक्षीदार एकाच पक्षाचे आहेत. कृष्णसुद्धा. तिच्या आधी, १९५९ मध्ये, खांडेकरांनी ‘ययाति’त ययाती, देवयानी, शर्मिष्ठा यांना बोलतं केलं. तिथे एकाचं बोलणं दुसऱ्याला उघडं पाडतं, आणि ययाती तर स्वतःच्याच तोंडानं स्वतःला अडकवत जातो. खांडेकरांची भाषा आज जड वाटते. पण आरोपीला स्वतःविरुद्ध बोलू देण्याची हिंमत तिथे आहे.

पुढच्यांनी नमुना घेतला तो साक्षीदारांचा. काका विधातेंचा ‘दुर्योधन’ आला, अशोक समेळांचा ‘मी अश्वत्थामा... चिरंजीव’ आला. यांतल्या प्रत्येकाचा वकूब वेगळा आहे, सरसकट एकाच दावणीला बांधणं अन्यायाचं होईल. तरी साचा ओळखू येतो: लहानपणी अपमान, एक निष्ठावंत मित्र, मनात राहिलेलं प्रेम, इतरांच्या कपटानं झालेला घात. ज्याच्यावर अजून कादंबरी यायची आहे, त्या खलपुरुषानं फार वाट बघायला नको. पडद्यावर तर विचारूच नका. २०२४ च्या ‘कल्की २८९८ एडी’त प्रभास शेवटी कर्ण म्हणून प्रकटला आणि कर्ण मोठा की अर्जुन, हे भांडण नव्या पिढीनं नव्या दमानं सुरू केलं.

विरुद्ध पक्षही गप्प नाही. दाजी पणशीकरांचं ‘कर्ण खरा कोण होता?’ हे पुस्तक संहितेचे दाखले पुढे टाकत कर्णाची आरती ओवाळणाऱ्यांना अडवतं. असं कुणी तरी करायला हवंच होतं. पण या पक्षाचे सामान्य अनुयायी लवकरच धावफलक काढतात: गंधर्वांपुढून कर्ण पळाला, विराटाच्या गायींसाठी झालेल्या लढाईत हरला, अभिमन्यूचं धनुष्य त्यानं तोडलं. सगळं खरं. पण भक्ताला कर्ण निष्पाप हवा आणि टीकाकाराला नालायक, म्हणजे पश्चात्ताप होऊनही दुर्योधनाला न सोडणारा माणूस दोघांनाही नकोच आहे.

शेजाऱ्यांनी हे काम अधिक निबर हातानं केलं. एम. टी. वासुदेवन नायरांच्या ‘रंडामूळम्’मधला (१९८४) भीम स्वतःची वकिली करत नाही, त्याला आपलं दुय्यमपण ठाऊक आहे. पी. के. बालकृष्णन यांच्या मल्याळम कादंबरीत (१९७३) कर्णाच्या आयुष्याचा भार द्रौपदीच्या मनावर येऊन पडतो. भैरप्पांचं ‘पर्व’ उमा कुलकर्णींच्या अनुवादामुळे मराठी घरांत पोचलेलं आहे. ते वाचूनही आपल्या लिहिणाऱ्यांनी कवचकुंडलं उतरवून ठेवली नाहीत, याचं नवल वाटतं.

आणि शेजाऱ्यांकडे कशाला जायचं? शाहीर विठ्ठल उमपांनी रंगमंचावर गाजवलेलं ‘जांभूळ आख्यान’ आपलंच आहे. कर्णाला पाहून द्रौपदीच्या मनात ओढ उमटते. पाच नवरे असताना सहावा. तोडलेलं जांभूळ देठाला परत चिकटायचं तर मनातलं खरं बोलावं लागतं, आणि ती बोलते. या गोष्टीत द्रौपदी सती राहत नाही, कर्ण शहीद होत नाही, पांडवांचं तर हसंच होतं. गाणाराही कुणाची बाजू घेत नाही आणि ऐकणारेही मागत नाहीत. ते डफाच्या ठेक्यावर मनसोक्त हसतात, आणि द्रौपदीचं चुकलं असं त्यांतलं कुणी म्हणत नाही.