घड्याळ लावून पाहिलेलं रक्त

मर्केल जेकब्स या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाचा १९३१ सालचा एक छोटा निबंध आहे. विषय ऐकायला जड: तांबड्या पेशींचं फुटणं आणि प्राण्यांचं वर्गीकरण. हत्यार मात्र साधं, घड्याळ.

पेशीच्या आतल्याइतक्याच तीव्रतेच्या ग्लिसरीनच्या द्रावणात रक्त सोडायचं. नळी गढूळ होते. ग्लिसरीन पेशीत शिरतं, मागोमाग पाणी शिरतं, पेशी फुगून फुटते आणि नळी नितळ लाल होते. त्याला लागलेला वेळ म्हणजे पेशीचं पटल ग्लिसरीनला किती सहज वाट देतं याचं माप. रेणूंची ये-जा अशी नुसत्या डोळ्यांनी पकडणं मला निकालांहूनही देखणं वाटतं.

माणसाच्या आणि उंदराच्या पेशी झटपट फुटतात. बैल, मेंढी, डुक्कर, कुत्रा यांच्या बराच वेळ तग धरतात. फुटण्याच्या वेळेवरून प्राण्यांचं नातं ओळखता येईल हा वर्गीकरणाचा दावा इथे अडखळतो. बैल आणि कुत्रा एका पंगतीत कसे बसले? १९३८मध्ये तर जेकब्स आणि सहकाऱ्यांनी अगदी जवळच्या दोन जातींतला फरक दाखवला. पुढे पटलातले प्रथिनांचे मार्ग सापडले आणि गंमत वाढली: मोठ्या उंदरात ग्लिसरीन माणसासारखंच एका प्रथिनातून जातं, लहान उंदरात भलत्याच. दोन्हीकडे वेग झटपट, दार निराळं! घड्याळाला हे कळणं शक्य नव्हतं.

युरियाची कथा याहून रसाळ. सस्तन प्राण्याची तांबडी पेशी मूत्रपिंडाच्या गाभ्यातून जाते तेव्हा भोवती दाट युरिया असतो. तो चटकन आत-बाहेर झाला नाही तर पेशी जाताना आक्रसेल, परतताना फुगेल. म्हणून त्याच्यासाठी खास वाट आहे. कोंबडी नत्राचा कचरा यूरिक आम्लाच्या रूपात टाकते, आणि तिच्या पेशींतून युरिया फार सावकाश जातो. इथे नात्यापेक्षा राहणी बोलते.

भाईंदरच्या पाली-उत्तन किनाऱ्यावरची मुशी, म्हणजे लहान शार्क, घ्या. समुद्राच्या खारेपणाशी बरोबरी साधायला ती रक्तात माणसाच्या कितीतरी पट युरिया बाळगते. पाकटाच्या जातकुळीतल्या तिच्या भाऊबंदांच्या तांबड्या पेशी युरियाला मोकळी वाट देतात. शिळ्या मुशीचा अमोनियाचा भपकारा याच साठ्यातून येतो. त्याच किनाऱ्यावर वाळत टाकलेल्या बोंबलाने मात्र जिवंतपणी ही युक्ती वापरलेली नसते; तो समुद्राचं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो.