‘ट्रॅक आहे का? होय’ : एका रकान्याची उलटतपासणी

माझ्या संशोधन आराखड्याच्या पहिल्या खर्ड्यात एक तक्ता होता. नाशिकमधले प्रस्तावित गृहप्रकल्प उभे, सोयी आडव्या आणि प्रत्येक चौकटीत ‘होय’ किंवा ‘नाही’. एका रकान्याचं नाव होतं ‘चालण्याचा व सायकलचा सामाईक मार्ग’. गाईडनी त्याच्यावर पेन्सिलीने तिरकी रेघ ओढली आणि विचारलं, “ही माहिती तुझी की बिल्डरची?” खरं सांगायचं तर सगळे ‘होय’ मी ब्रोशरवरून भरले होते.

तुम्ही पेटची तयारी करत असाल, सिनॉप्सिस लिहीत असाल, तर तुमच्याही तक्त्यात असा एखादा रकाना असणार. म्हणून हा माझा रकाना उलगडून दाखवते. रोख कुठल्या एका बिल्डरवर नाही. गंगापूर रोडला जा नाहीतर पाथर्डी फाट्याला, होर्डिंगवरचं चित्र साधारण सारखंच असतं : उंच इमारत, भोवती हिरवा पट्टा, पट्ट्यावर चालणारे आजोबा, शेजारून सायकलवर एक मुलगी. मोटार मात्र एकही नाही.

आधी ब्रोशर बाजूला ठेवा आणि मंजूर नकाशा उघडा. महारेरा १ मे २०१७ पासून सुरू आहे. नोंदणी करताना प्रकल्पाचे कागद तिथे द्यावे लागतात आणि ते घरबसल्या बघता येतात. बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पर्यावरण मंजुरीसाठी केलेला अर्जही असतो. आता नकाशात तो हिरवा पट्टा शोधा. अनेकदा त्या जागी लिहिलेलं असतं ‘सामासिक अंतर’, म्हणजे इमारत आणि कुंपण यांच्यामध्ये सोडावीच लागणारी जागा. उंच इमारतीभोवती अग्निशमन बंब फिरायला किमान ६ मीटर मोकळे हवेत, असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. बेसमेंटचा रॅम्पही बऱ्याचदा याच पट्ट्यात उघडतो. म्हणजे जो ‘ट्रॅक’ आपण सोय म्हणून मोजला, तो कायद्याने सोडलेला बंबाचा रस्ता आहे आणि त्याच्यावर हिरवा रंग मारलाय. रंग मारायला हरकत नाही. पण मग ती वेगळी सोय कशी?

यूडीसीपीआरनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडात १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती जागा वेगळी आणि हा पट्टा वेगळा. ब्रोशरमध्ये दोन्ही एकाच हिरव्या रंगात येतात, आणि मी तिथेच फसले होते.

आता थोडं गणित करू. समजा भूखंड ५० बाय ८० मीटरचा आहे, म्हणजे बरोबर ४,००० चौरस मीटर. कुंपणापासून ३ मीटर आत ट्रॅक आखला तर एक फेरी २३६ मीटरची होते. चालणारा माणूस ताशी ४.५ किलोमीटरने ही फेरी साधारण ३ मिनिटं ९ सेकंदांत करतो. सायकल अगदी आरामात, ताशी १२ किलोमीटरने चालवली तरी फेरीला ७१ सेकंद. दोघं एकाच दिशेने जात असतील तर सायकलवाला त्या माणसाला दर ११३ सेकंदांनी मागून गाठतो. संध्याकाळी दहा जण चालत असतील तर अर्ध्या तासात एकटा सायकलवाला सुमारे १६० वेळा कुणाला ना कुणाला ओलांडणार. दोन सायकली आल्या की दुप्पट. ऐकायला कमी येणाऱ्या आजोबांच्या जागी स्वतःला ठेवून हा आकडा परत वाचा. होर्डिंगवर हे दिसत नाही, कारण चित्रात सगळे थांबलेले असतात.

ब्रिटनच्या वाहतूक खात्याने जुलै २०२०मध्ये सायकलमार्गांसाठी एलटीएन १/२० हा मार्गदर्शक काढला. शहरी रस्त्यावर सायकलला वाहन समजा आणि चालणाऱ्यांपासून वेगळी ठेवा, हे त्याचं मुख्य सूत्र आहे. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सोयींच्या संहितेत (२०१२) निवासी भागात फूटपाथला किमान १.८ मीटर निर्विघ्न रुंदी सांगितली आहे, तीही फक्त चालणाऱ्यांसाठी. दोन्ही दस्तऐवज रस्त्यांचे आहेत, सोसायटीच्या आवाराला ते जसेच्या तसे लागू होत नाहीत. (व्हायवात कुणी विचारायच्या आधी तुम्हीच हे लिहून टाका.) पण मोजपट्टी म्हणून वापरता येतातच.

एक बाजू मात्र मला मान्य आहे. सात-आठ वर्षांच्या पोराला सायकल शिकायला असा बंद गोल उत्तम. पोराला बाहेर गंगापूर रोडला सोडायची कुणाची हिंमत आहे? दुपारी तीन ते पाच हा ट्रॅक मुलांचा, असं सोसायटीने ठरवलं तर तीच जागा खरोखर कामाची होते. म्हणजे प्रश्न डांबराइतकाच वेळापत्रकाचाही आहे.

नाशिक सायकलींचं शहर आहे, असं आपण अभिमानाने म्हणतो. २०१५मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी केली. इथून सायकलवर पंढरीची वारी निघते. पण सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत पाळीला जाणारा कामगारही सायकलवर असतो, आणि आपल्या इमारतीचा वॉचमन किंवा पेपरवालाही. प्रस्तावित इमारतीच्या नकाशात यांची सायकल कुठे लावायची, ते बघा. मोटारी आणि दुचाकींचे चौकोन एकेक मोजून आखलेले असतात. रोज सायकल चालवणाऱ्याची सायकल गेटबाहेर झाडाला टेकवलेली, आणि आत सायकल ट्रॅक! माझ्या पहिल्या तक्त्यात ही विसंगती कुठेच आली नव्हती.

गेटबाहेर तो ट्रॅक कशाला जोडतो, हेही पाहायला हवं. शहराचा स्वतःचा प्रयोग समोर आहे : अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका हा स्मार्ट रोड, लांबी १.१ किलोमीटर, कडेला फूटपाथ आणि सायकल ट्रॅक. वरच्याच वेगाने गेलात तर साडेपाच मिनिटांत संपतो. पुढे परत रिक्षा, बस आणि तुम्ही. शहराचा तुकडा शहरालाच नीट जोडलेला नसताना सोसायटीच्या २३६ मीटरच्या गोलाला ‘सायकलस्नेही प्रकल्प’ म्हणणं फारच उदार झालं.

माझ्या त्या एका रकान्याचे आता चार झालेत. मंजूर नकाशात मार्ग वेगळा दाखवलाय की सामासिक अंतरातच आहे? निर्विघ्न रुंदी किती, आणि रॅम्प त्याला किती ठिकाणी छेदतो? कामाला येणाऱ्यांच्या सायकलींना जागा आहे का? गेटबाहेर पहिल्या ५०० मीटरमध्ये चालता येईल असा सलग फूटपाथ आहे का? पहिले तीन नकाशावरून बरेचसे भरता येतात. चौथ्यासाठी टेप घेऊन उन्हात जावं लागतं, आणि टेपचं दुसरं टोक धरायला एक मैत्रीण लागते.