शब्द विरघळल्यावर उरतो तो सूर

‘चेरी-कलर्ड फंक’ ऐकणारा प्रत्येक जण आधी एकच विचारतो : ही बाई म्हणतेय तरी काय? स्कॉटलंडमधल्या ‘कॉक्टो ट्विन्स’ या बँडच्या ‘हेवन ऑर लास व्हेगस’ (१९९०) या अल्बमची सुरुवात या गाण्यानं होते. गायिका एलिझाबेथ फ्रेझर शब्द असे ताणते, वळवते, की अर्थ हाताला लागता लागता निसटतो.

आपल्या कानांना यात परकं काय आहे? तराण्यातल्या ‘दिर दिर तोम’चा अर्थ आपण कधी विचारला? आकारातल्या आलापात तर अक्षरंही नसतात. बँडमधल्या रॉबिन गथ्रीची गिटारही ओळखीची वाटते. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी काढतात, तेव्हा एका सुरातून कितीतरी सूर झळाळून उठतात. गथ्री तेच विजेवर करतो. इफेक्ट्समधून गेलेल्या सुरांची कड झिजते, एक विरायच्या आत दुसरा त्यावर पसरतो.

नुसतं धुकं मात्र फार वेळ ऐकवत नाही. इथे खाली ड्रम मशीनचा ठेका पक्का आहे, सायमन रेमंडचा बेस पायऱ्या उतरल्यासारखा चालतो. नक्कल करणारे बहुतेक जण इथेच फसतात; घुमारा भरपूर ओततात, जमीन विसरतात.

गाण्याचं मर्म ध्रुवपदात आहे. तोवर खालच्या पट्टीत पुटपुटणारी फ्रेझर एकदम तार सप्तकात झेपावते. पूर्वतयारी नाही, मींड नाही. पुण्यातलं येरवडा मेट्रो स्टेशन ऑगस्ट २०२४मध्ये सुरू झाल्यापासून मी हे गाणं त्याआधीचं बंडगार्डन स्टेशन सुटताना लावतो. खाली मुळा-मुठेवर जलपर्णीचा हिरवा थर असतो, मध्येच उघड्या पाण्यात पुलाचे दिवे हलतात. तेवढ्यात ती झेप येते आणि दरवेळी अंगावर काटा येतो.

पुण्याच्याच ‘ईझी वॉन्डरलिंग्ज’ या बँडचा २०१७चा ‘ॲज रिटन इन द स्टार्स’ हा अल्बमही याच वाटेवरचा आणि मला प्रिय. त्याचा गोडवा अधिक मोकळा, शब्द स्वच्छ कळतात. फ्रेझरकडे आनंद आणि कळ वेगळे काढता येत नाहीत. ‘हेवन ऑर लास व्हेगस’ घडण्याच्या काळात तिला आणि गथ्रीला मुलगी झाली होती, आणि रेमंडचे वडील गेले होते. ‘चेरी-कलर्ड फंक’च्या ध्रुवपदात तिचाच दुसरा आवाज पहिल्यात मिसळतो. हेडफोन लावून तो वेगळा शोधून पाहा.