‘काही नाही’ आणि वहिवाट : एका संगणकीय संज्ञेची चिकित्सा

परिभाषेचा कस कोशात लागत नाही. ती वाचून मनुष्य काय करतो, यावर लागतो. सर्व्हर आणि माहिती साठविणारे डिस्कसंच यांना जोडणाऱ्या मार्गांसंबंधीची ‘डिफॉल्ट’ ही संज्ञा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

महत्त्वाच्या सर्व्हरपासून डिस्कसंचापर्यंत बहुधा एकाहून अधिक मार्ग असतात. त्यांवर भार कसा वाटावा, हे धोरणाने ठरते : एकच मार्ग वापरून इतर राखून ठेवणे, पाळीपाळीने सर्व वापरणे, किंवा ज्या मार्गावर मागण्यांची रांग सर्वांत लहान, तो निवडणे. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सर्व्हरमध्ये सर्वसाधारण डिफॉल्ट धोरण विचारण्याचा आदेश आहे. व्यवस्थापकाने ते नेमून दिले नसेल, तर उत्तर येते : ‘नन’, म्हणजे ‘काही नाही’.

या अभावाचा अर्थ धोरणाचा अभाव असा नव्हे. ‘घर पडले’ या वाक्यात ‘घर’ शब्दास प्रत्यय दिसत नाही. म्हणून त्यास विभक्ती नाही, असे कोणी म्हणत नाही. पाणिनीने लोपाची संज्ञा केली, ती अशा अदर्शनालाही व्याकरणात कार्य असते म्हणूनच. येथेही तसेच आहे. ‘नन’ असताना प्रणाली डिस्कसंचाचा प्रकार पाहते : सर्व मार्ग समान असल्यास सर्वांवर पाळी लावते, संचानेच काही मार्ग अधिक योग्य ठरविले असल्यास केवळ त्यांवर.

हे न उमगल्यास दोन प्रमाद संभवतात. एक, वाटपच होत नाही असे समजून घाईने सर्वत्र एकच धोरण लादणे. ते ‘एक वापरा, इतर राखा’ असे असल्यास बाकीचे मार्ग रिकामे पडून राहतात. दुसरा, सर्वसाधारण धोरण पाहून प्रत्येक डिस्क तेच पाळते असे मानणे. एखाद्या डिस्कला स्वतंत्रपणे दिलेले धोरण सर्वसाधारण धोरणाहून बलवत्तर असते. म्हणून ‘एमपीक्लेम’ आदेशाने डिस्कनिहाय पाहणी केल्यावाचून तपासणी पुरी होत नाही.

‘डिफॉल्ट’साठी मराठीत रूढ होत असलेला ‘पूर्वनिर्धारित’ हा शब्द या दोन्ही प्रमादांस पोषक आहे. त्यातून एकदाच व सर्वांसाठी झालेला निर्णय सूचित होतो. वस्तुतः रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सच्या ६ व्या आवृत्तीत पाळीचे धोरण डिफॉल्ट होते. ७ व्या आवृत्तीत त्याची जागा अपेक्षित सेवाकाल पाहणाऱ्या धोरणाने घेतली. ‘मूलभूत’ हा पर्याय तर अर्थाच्या जवळही जात नाही.

याहून समर्पक शब्द आपल्या शेतशिवारात आहे. पवनी तालुक्यातील कोंढ्याच्या शेतकऱ्याला ‘वहिवाटीचा रस्ता’ म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. कोणी लेखी आदेश दिलेला नसतो. तरी बैलगाडी जाते. वहिवाट दीर्घ वापराने बनते आणि डिफॉल्ट निर्माता घालून देतो, हा आक्षेप रास्त आहे. तथापि निर्णायक लक्षणे जुळतात : दोन्ही आदेशावाचून चालतात, ठिकाणपरत्वे भिन्न असतात आणि स्पष्ट निर्णयापुढे नमतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ अन्वये बांधावरून जाण्याच्या हक्काचा निवाडा तहसीलदार करतो. केवळ कागदावरून तो व्हावयाचा नाही, बांधावर जावे लागते. सर्व्हरच्या व्यवस्थापकासही ‘काही नाही’ हे उत्तर वाचून तेथेच थांबता येणार नाही. ‘वहिवाट’ हा शब्द त्याला डिस्कपर्यंत जाऊन पाहावयास लावील. ‘पूर्वनिर्धारित’ तसे करणार नाही.