ट्रम्पेट कोणाचा?

1947 च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसच्या हाय-डी-हो क्लबात डीन बेनेडेट्टी नावाचा एक तरुण सॅक्सोफोनवादक रात्रीमागून रात्र रेकॉर्डिंगचं यंत्र लावून बसत होता. समोर जॅझमधला सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर वाजवत असे. पार्करचा सोलो सुरू झाला की बेनेडेट्टी यंत्र चालू करायचा, तो संपला की बंद. बाकीच्या वादकांचं त्याला काही नको होतं. त्याच त्या धुनांवर पार्कर रोज नवं काय रचतो, तेवढंच त्याला हाताशी ठेवायचं होतं, कारण त्याला ते शिकायचं होतं. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्येही त्याने हेच केलं. 1957 मध्ये तो वारला. त्याच्या तबकड्या आणि कागदी फितींची रिळं कुठे गेली, याच्या दंतकथा नंतर तीस वर्षं जॅझच्या जगात फिरत राहिल्या. ती सगळी त्याच्या भावाने जपून ठेवली होती. 1990 मध्ये मोझेइक रेकॉर्ड्सने सात सीडींच्या संचात ती लोकांपुढे आणली. ऐकायला हा संच कठीण आहे. खरखर आहे, सुरावट रंगात येते न येते तोच तुटते. तरीही पार्करची कल्पकता इतक्या जवळून दाखवणारं दुसरं काही मला माहीत नाही.

जॅझच्या तबकड्या जमवण्याच्या छंदाकडे मी बेनेडेट्टीच्या बाजूने पाहतो. या संगीताची स्मृती फार मोठ्या प्रमाणात श्रोत्यांनी राखली, आणि एकमेकांच्या मैत्रीवर राखली. आज छंदाला बरकत आली आहे, नवनव्या आवृत्त्या निघत आहेत, किमती चढत आहेत. जुनी मैत्रीची बाजू मात्र त्या मानाने अशक्त झाली आहे. तिला सावरून धरलं आहे ते जगभर विखुरलेल्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या काही श्रोत्यांनी.

तबकडीला इतकं महत्त्व का, हे ख्याल ऐकणाऱ्याला वेगळं सांगायला नको. बंदिश कागदावर उतरते, तिचा विस्तार उतरत नाही. जॅझमध्येही धून सगळ्यांना ठाऊक असते. त्या रात्री त्या वादकाने तिचं काय केलं, यातच सगळं आलं. म्हणून तबकडी हीच जॅझची पोथी. 1917 च्या फेब्रुवारीत ‘ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड’ने व्हिक्टर कंपनीसाठी जॅझची पहिली तबकडी वाजवली. पण या पोथीवर सगळ्यांची नावं घालायचं कंपन्यांच्या मनात नव्हतं. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या लेबलवर बँडप्रमुख असे, धुनेचं नाव असे, क्रमांक असे. ट्रम्पेट कोणाचा, क्लॅरिनेट कोण वाजवतंय, याचा बहुतेकदा पत्ता नसे.

ते शोधायला पुढे आले ते छांदिष्ट. पॅरिसमध्ये चित्रकार रोबेर आणि सोनिया दलोने यांचा मुलगा शार्ल याने 1936 मध्ये ‘हॉट डिस्कोग्राफी’ छापली. कोणती बाजू कधी मुद्रित झाली, तिचा मॅट्रिक्स नंबर काय, वाजवणारे कोण कोण, अशी वादकवार मांडणी त्यात होती. अमेरिकेला स्वतःच्या संगीताची अशी यादी करावीशी वाटण्याआधी एका फ्रेंच माणसाने ती केली. इंग्लंडमध्ये पुढे ब्रायन रस्टने 1942 पर्यंतच्या तबकड्यांचा कोश रचला. न्यूयॉर्कच्या 42 व्या रस्त्यावर मिल्ट गेब्लरने वडिलांच्या दुकानाचं कमोडोर म्युझिक शॉप केलं, आणि बाजारातून गेलेल्या तबकड्या पुन्हा काढताना लेबलवर सगळ्या वादकांची नावं छापली. गोष्ट छोटी वाटते. पण मागच्या रांगेत बसून वाजवणाऱ्या माणसाला त्या कागदाच्या चकतीवर पहिल्यांदा नाव मिळालं.

गेब्लरच्या दुकानातून आणखी एक धागा निघतो. आल्फ्रेड लायन आणि फ्रान्सिस वुल्फ हे बर्लिनमधले लहानपणचे मित्र. लायनने 1939 च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये ब्लू नोट या आपल्या जॅझ लेबलचं पहिलं ध्वनिमुद्रण केलं, आणि नाझी जर्मनीतून निसटून वुल्फ त्याच वर्षी तिथे पोचला. लायनला लष्करात जावं लागलं, तेव्हा वुल्फ गेब्लरच्या दुकानात कामाला होता, आणि गेब्लरचं स्वतःचं लेबल असूनही ब्लू नोटच्या तबकड्यांना त्याने आसरा दिला. आज लोक ज्या तबकड्यांसाठी जीव टाकतात, त्यांच्या मुळाशी असा शेजारधर्म आहे.

पुढच्या पिढीत तोच प्रकार. ध्वनिमुद्रणांचा निर्माता मायकेल कस्कुना भेटेल त्या वादकाला विचारत असे, की ब्लू नोटसाठी वाजवलेलं पण कधी बाहेर न आलेलं काही आहे का. उत्तरं तो वहीत टिपून ठेवी. 1975 मध्ये ब्लू नोटमध्ये काम करणाऱ्या चार्ली लूरीने त्याला कंपनीच्या साठ्यात शिरायची वाट करून दिली. वादकांच्या आठवणींनी भरलेली ती वही नसती, तर कोणती फीत शोधायची हेच कळलं नसतं. याच दोघांनी मिळून मोझेइक काढली. टपालाने विक्री, मोजक्या प्रती, आणि प्रत्येक संचासोबत ध्वनिमुद्रणांची सविस्तर हकीकत. लूरी 2000 च्या अखेरीस गेला, कस्कुना 2024 मध्ये. इतका कान आणि इतकी चिकाटी असलेली जोडी पुन्हा या व्यवसायात दिसलेली नाही.

संग्रह एकट्याच्या कपाटात राहिला नाही, तिथे त्यातून वादक घडले. योकोहामात मामोरू योशिदाने 1933 मध्ये चिगुसा हे कॉफीघर उघडलं. 1945 च्या बॉम्बवर्षावात दुकान तबकड्यांसकट गेलं, त्याने ते पुन्हा उभं केलं. तोशिको आकियोशी आणि सादाओ वातानाबे तिथे बसून तबकड्या ऐकत शिकले. सोव्हिएत रशियात बंदी असलेलं संगीत टाकून दिलेल्या एक्स-रे फिल्मवर कोरून हातोहात फिरे.

आता हे सगळं इंटरनेटवर आलं आहे, आणि तिथे मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ओळखण्याचा खेळ. समीक्षक लेनर्ड फेदरने 1946 मध्ये ‘मेट्रोनोम’ मासिकात ब्लाइंडफोल्ड टेस्ट सुरू केली होती: वादकाला नाव न सांगता तबकडी ऐकवायची आणि त्याचं मत घ्यायचं. आज सामान्य श्रोते आपापसात हेच करतात. एकजण निनावी तुकडे पाठवतो, बाकीचे कान लावून बसतात. कोणी टेनर सॅक्सोफोनवादक पॉल क्विनिशेटला लेस्टर यंग समजतो. ते उत्तर चुकलं तरी वाया जात नाही, कारण क्विनिशेट यंगच्या किती जवळ उभा होता आणि नेमका कुठे वेगळा होता, यावर मग आठवडाभर बोलणं चालतं. कोणी ड्रमरचा डावा हात ओळखतो, कोणी पियानोचा सूर उतरलेला आहे यावरून क्लब सांगतो. एखाद्याने जुन्या मासिकातली जाहिरात शोधून दिली की तारीख पक्की होते. या माणसांना एकमेकांची घरं माहीत नसतात, पण कोणाला कोणता टेनर आवडतो हे पाठ असतं. कोणी आजारी पडला तर न मागता रेडिओ कार्यक्रमांच्या जुन्या टेपच्या प्रती त्याच्याकडे जातात. या देवघेवीचा एक नियम पूर्वीपासून चालत आला आहे: मित्राकडून आलेली टेप विकायची नाही.

अशा कानांचं मोल 2005 मध्ये दिसलं. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या जुन्या फिती जतन करताना लॅरी अ‍ॅपलबॉम यांच्या हाती 29 नोव्हेंबर 1957 च्या कार्नेगी हॉलमधल्या मैफिलीची रिळं आली. खोक्यावरची नोंद त्रोटक होती. आत पियानोवादक थेलोनियस मंकसोबत सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन होता. त्या दोघांच्या एकत्र वादनाचं फारच थोडं ध्वनिमुद्रण हाती होतं, हे ठाऊक असलेल्या माणसासमोर ती फीत लागली, म्हणून ती जगासमोर आली.

आता छंदाच्या दुसऱ्या टोकाकडे. ब्लू नोटची 1957 च्या सुमाराची एलपी दिव्याखाली तिरकी धरा. शेवटची खोबण आणि लेबल यांच्यामध्ये एक गुळगुळीत पट्टी असते. संग्राहक तिला डेड वॅक्स म्हणतात. तिथे ‘आरव्हीजी’ ही अक्षरं दिसली, तर कटिंग रूडी व्हॅन गेल्डरचं. हा माणूस दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर द्यायचा आणि 1959 पर्यंत हॅकेनसॅकमधल्या आईवडिलांच्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रण करायचा. शेजारी कानाच्या आकाराची खूण असली, तर प्रत प्लास्टिलाइट कारखान्यातली. लेबलवरचा पत्ता कोणता, लेबलमध्ये खोल वर्तुळ आहे की नाही, हेही पाहिलं जातं. हे ज्ञान बारीक आहे आणि मला त्याचा आदर आहे. कोणती प्रत मूळ आवाजाच्या जवळची, हे त्यातूनच कळत आलं. पण आता यातली प्रत्येक खूण थेट किमतीला जोडली गेली आहे. सॅक्सोफोनवादक हँक मोब्लीच्या 1957 च्या एका एलपीला काही हजार डॉलर पडतात, आणि घेणारा ती वाजवायला कचरतो. पूर्वी दोन मित्र तबकड्यांची अदलाबदल करत तेव्हा आवडीला आवड मोजली जाई. आता दोघांच्याही खिशात बाजारभाव असतो.

या व्यवहारात सगळ्यात जास्त अन्याय झाला तो वादकावर. युटा हिप ही लाइपझिगची पियानोवादक 1955 मध्ये न्यूयॉर्कला आली. 1956 मध्ये ब्लू नोटने तिच्या तीन एलपी मुद्रित केल्या. मग तिने संगीत सोडलं आणि क्वीन्समधल्या कपड्यांच्या कारखान्यात नोकरी धरली. ती तिथे सुया-दोऱ्यात असताना तिच्या मूळ एलपी जपान-युरोपच्या संग्राहकांकडे चढ्या भावाने जात होत्या. जुन्या मालाच्या विक्रीतून वादकाला काही मिळत नाही. ती 2003 मध्ये गेली. तिचं वादन ऐका: आखीव, थोडं हात राखून, आणि झूट सिम्ससोबत वाजवताना एकदम मोकळं. तिच्या एलपीच्या किमतीवर जितकं बोललं जातं, त्याच्या निम्मं तरी तिच्या वाजवण्यावर बोललं जायला हवं होतं.

पुनर्मुद्रणांनी यावर थोडा उतारा दिला आहे. 2019 पासून ब्लू नोटच्या टोन पोएट मालिकेत जो हार्ली आणि मास्टरिंग करणारा केव्हिन ग्रे यांनी मूळ फितींवरून काढलेल्या एलपी इतक्या उत्तम आहेत, की निव्वळ ऐकण्यासाठी पहिल्या आवृत्तीमागे धावायचं कारण उरत नाही. 2022 मध्ये अमेरिकेत 1987 नंतर प्रथमच सीडीपेक्षा एलपीच्या प्रती जास्त खपल्या, त्यात अशा कामाचाही वाटा असणार. माझी तक्रार निवडीबद्दल आहे. 1955 ते 1967 ही बारा वर्षं, तीच दोन-तीन लेबलं, तेच चाळीस-पन्नास वादक, यांच्याभोवती पुनर्मुद्रण फिरतं आहे. 1971 मध्ये चार्ल्स टॉलिव्हर आणि स्टॅनली कॉवेल यांनी स्ट्राटा-ईस्ट काढलं, तेव्हा मालकी वादकांच्या हाती राहावी हा हेतू होता. त्या तबकड्या कित्येक वर्षं केवळ संग्राहकांच्या बोलण्यात जिवंत राहिल्या. विसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांतलं जॅझ तर एलपीच्या या लाटेत जवळजवळ कुठेच नाही. आणि मोबाइलवर ऐकणाऱ्याला पुन्हा बँडप्रमुखाचं नाव आणि धून एवढंच दिसतं. दलोने आणि गेब्लरने भरून काढलेली जागा पुन्हा रिकामी झाली.

मुंबईचा विचार करताना हे जास्त टोचतं. 1935 मध्ये लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद ताजमध्ये वाजवायला आला, पुढे क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफोर्ड आले, त्यांच्या सहवासात गोव्याचे वादक तयार झाले. हळदोण्याचे अंतोनियो शाविएर वाझ म्हणजे चिक चॉकलेट. ‘अलबेला’ (1951) मध्ये सी. रामचंद्रांच्या संगीतात त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. पण सिनेमाच्या तबकड्यांवर संगीतकार, गीतकार आणि गायक एवढीच नावं आली. सॅक्सोफोन, ट्रम्पेट, अ‍ॅकॉर्डियन वाजवणारी शेकडो माणसं लेबलबाहेर राहिली. नरेश फर्नांडिस यांचं ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ (2012) आणि ग्रेगरी बूथ यांचं ‘बिहाइंड द कर्टन’ (2008) या दोन पुस्तकांनी त्यांतल्या कित्येकांना उजेडात आणलं. 1990 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने तबकड्यांच्या याद्या करण्याची शिस्त इथे रुजवली, त्यात डॉ. सुरेश चांदवणकर यांचं काम मोठं आहे. मात्र कोणत्या गाण्यात कोणी वाजवलं, याची दलोनेसारखी गाणंवार, तारीखवार नोंद अजून झालेली नाही.

ती नोंद आता एका माणसाच्या आवाक्यातली नाही. स्टुडिओत बसलेल्या पिढीतले फार थोडे हयात आहेत. त्यांची मुलं-नातवंडं वांद्र्यात आहेत, गोव्यात आहेत, परदेशांत आहेत, आणि घरच्या फोटोंमागे पेन्सिलीने लिहिलेली नावं त्यांच्याकडे अजून आहेत. इथला संग्राहक गाण्याचा एक तुकडा पाठवू शकतो, तिथला मुलगा वडिलांची फुंक ओळखू शकतो. जॅझच्या श्रोत्यांनी नव्वद वर्षं नेमकं हेच केलं, आणि त्याची साधनं आज त्यांच्यापेक्षा आपल्याकडे जास्त आहेत.